एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा जड छापलं गेलं आहे : 'विद्यापीठे आणि रोजगारदाते यांच्यातील कार्याधिष्ठित शिक्षणाच्या भागीदारीचा इतिहास'. साध्या भाषेत सांगायचं तर प्रश्न असा आहे. पदवीचा काही भाग कारखान्यात, कचेरीत किंवा इस्पितळात शिकायचा असेल, तर तिथे शिकवणार कोण? परीक्षा कोण घेणार? आणि त्या मुलाला किंवा मुलीला तिथे नेमकं म्हणायचं काय, विद्यार्थी की कामगार?

हा प्रश्न आता आपल्या दाराशी येऊन उभा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'ऑन जॉब ट्रेनिंग'चे चार श्रेयांक आले. शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्या आल्या. प्राध्यापक मंडळी कंपन्यांचे उंबरठे झिजवताहेत, आणि मुलं कुणाच्या तरी मामाच्या ऑफिसातून प्रमाणपत्र आणताहेत. हे सगळं काल-परवा सुरू झालं अशा समजुतीनं आपली धावपळ चालली आहे. वास्तविक ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे, आणि तिच्यात झालेल्या चुकाही तेवढ्याच जुन्या आहेत. म्हणून इतिहास.

सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरापासून करू. इंग्लंडमध्ये सन्डरलंडच्या तंत्रमहाविद्यालयानं १९०३ साली असाच एक प्रयोग केला होता. आधी कोण, हा वाद मी घालणार नाही. पण विचार म्हणून या कल्पनेची मांडणी सिनसिनाटीत झाली, आणि ती करणारा माणूस हर्मन स्नायडर.

स्नायडरचा जन्म १८७२ चा, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. लीहाय विद्यापीठात शिकताना तो एका वास्तुविशारदाच्या हाताखाली काम करत होता. पुढे त्यानं रेल्वेचे पूल बांधले आणि १८९९ मध्ये लीहायलाच शिकवायला परत आला. शिकवताना त्याच्या डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला. वर्गात हुशार ठरलेली सगळीच मुलं पुढे चांगले अभियंते होत नाहीत. जी होतात, त्यांनी आधी काय केलेलं असतं? त्यानं माजी विद्यार्थ्यांची चौकशी केली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी शिकता शिकता किंवा सुट्टीत कुठे ना कुठे हातानं काम केलेलं होतं. लीहायच्या टेकडीखालीच बेथलहेमचा पोलाद कारखाना. एका संध्याकाळी त्याच्या भट्टीचा लोळ आकाशात उठलेला पाहून स्नायडरला सुचलं, की जगातली उत्तम प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर असताना आपण कॉलेजात तिची छोटी नक्कल कशाला उभारतो आहोत? ही आख्यायिका आहे. मोठ्या कल्पनांच्या मागे लोकांना असा एखादा उजेड लागतोच. सफरचंदाचं झाड प्रत्येकाच्या अंगणात लावावं लागतं.

लीहायमध्ये त्याचं कुणी ऐकलं नाही. १९०३ मध्ये तो सिनसिनाटी विद्यापीठात आला आणि इथे दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे हे विद्यापीठ महानगरपालिकेचं होतं, शहराच्या करावर चालणारं; शहरातल्या उद्योगांशी त्याचं नातं आधीपासूनच होतं. दुसरं म्हणजे सिनसिनाटी हे त्या काळी यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांचं, म्हणजे लेथ, मिलिंग, ड्रिलिंगच्या यंत्रांचं अमेरिकेतलं एक मोठं केंद्र होतं. सिनसिनाटी मिलिंग मशीन कंपनीचे फ्रेडरिक गायर यांनी स्नायडरला साथ दिली.

१९०६ साली विद्यापीठाच्या विश्वस्तांनी परवानगी दिली. तीही कशी? वर्षभर करून बघा, पण फसलं तर त्याची जबाबदारी या मंडळावर नाही. समितीनं असा ठराव करणं यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्या विद्वत्सभांत असे ठराव आजही होतात, फक्त इतक्या प्रांजळपणे लिहिले जात नाहीत.

सत्तावीस विद्यार्थी, शहरातले काही कारखाने. यंत्र, विद्युत आणि रसायन अभियांत्रिकी. पदवी सहा वर्षांची. आता यातली रचना नीट बघा, कारण सगळी गंमत रचनेत आहे.

विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एका जोडीला कारखान्यात एक जागा. या आठवड्यात पहिला वर्गात आणि दुसरा यंत्रावर. पुढच्या आठवड्यात उलट. त्यामुळे मालकाची जागा रिकामी राहत नाही, आणि कॉलेजचं बाकही रिकामं राहत नाही. शनिवारी वर्गातला मुलगा कारखान्यात जाऊन जोडीदाराकडून काम समजून घ्यायचा. सोमवारी खंड न पडता तेच काम पुढे चालू. सुरुवात बहुधा ओतकामापासून. तिथून यंत्रशाळा, मग जुळणी, मग ड्रॉइंग आणि शेवटी विक्री किंवा व्यवस्थापन. म्हणजे ज्या वाटेनं लोखंड यंत्र होऊन बाहेर पडतं, त्याच वाटेनं मुलगा जायचा. मजुरी मिळायची आणि ठरलेल्या टप्प्यांनी वाढायची.

आता जो माणूस मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे येतो. स्नायडरनं एक नवंच पद निर्माण केलं : समन्वयक. हा विद्यापीठाचा अध्यापक. कारकून नव्हे, प्लेसमेंट अधिकारी नव्हे. तो कारखान्यात जायचा, मुलगा यंत्रावर काय करतो आहे ते स्वतः उभं राहून बघायचा, फोरमनशी बोलायचा. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा वर्गात आला की त्याचा तास घ्यायचा. परवा तू जो दांडा कापत होतास तो तापला का? त्या पात्याचा कोन तेवढाच का ठेवला होता? ते साचे वाळूचेच का? कामातून प्रश्न उचलायचा आणि भौतिकशास्त्रापाशी, गणितापाशी नेऊन पोचवायचा. मालक मुलाला एकाच यंत्रावर जुंपून ठेवतो आहे असं दिसलं, तर त्याच्याशी भांडायचं कामही याचंच.

आपल्याकडे म्हणतात, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. खरं आहे, पण ते अर्धंच आहे. आमच्याकडे गावात मुलांना विहिरीत ढकलायचे तेव्हा पाठीला वाळका भोपळा बांधलेला असायचा आणि काठावर चुलता नाही तर मामा लंगोट कसून उभा असायचा. पाण्यात नुसतं पडून शिकलेले किती आणि बुडालेले किती, याचा हिशेब म्हण ठेवत नाही. समन्वयक म्हणजे काठावरचा तो मामा.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे इथे थोडं थांबावंच लागेल. गिल्बर्ट राइल नावाच्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक भेद प्रसिद्ध केला. 'अमुक असं आहे' हे जाणणं वेगळं आणि 'अमुक कसं करायचं' हे जाणणं वेगळं. आपली रूढ समजूत अशी, की आधी डोक्यात नियम येतो आणि मग हात तो अमलात आणतो. राइल म्हणतो, असं असेल तर नियम अमलात कसा आणायचा याचाही आणखी एक नियम लागेल, त्याला आणखी एक, आणि ही रांग कधी संपणारच नाही. म्हणजे कौशल्य ही सिद्धान्ताची मोलकरीण नव्हे, ती स्वतःच बुद्धीचं एक रूप आहे. आपल्या विद्यापीठांची घडण मात्र पहिल्या समजुतीवर झाली : तीन वर्षं सिद्धान्त, मग शेवटी जमलं तर सहा आठवडे 'उपयोजन'. स्नायडरनं राइल वाचलेला असणं शक्य नाही, त्याच्या प्रयोगानंतर त्रेचाळीस वर्षांनी ते पुस्तक आलं. पण आठवड्याआड वर्ग आणि कारखाना, या वेळापत्रकात तोच विचार आहे. दोन्ही एकमेकांत विणायचं, एकामागून एक लावायचं नाही.

स्नायडरची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. कामं दोन प्रकारची असतात असं तो म्हणे : माणसाला उभारी देणारी आणि माणसाला निचरून टाकणारी. रेल्वेचं इंजिन चालवणं पहिल्या प्रकारात. दिवसभर एकच तुकडा एकाच यंत्रात सरकवत राहणं दुसऱ्यात. काम म्हणजे आपोआप शिक्षण, असं त्याचं म्हणणं मुळीच नव्हतं. हे वाक्य आपल्या आजच्या परिपत्रकांत कुठे सापडतं का, जरूर शोधा.

आता नाण्याची दुसरी बाजू. कारखानदार इतक्या उत्साहानं का पुढे आले? सगळे विद्याप्रेमी होते म्हणून नव्हे. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या यंत्रकामगारांनी नऊ तासांच्या दिवसासाठी मोठा संप केला होता आणि सिनसिनाटी त्यात होतं. त्यानंतर मालकांच्या संघटनेनं कामगार संघटनांशी उघड वैर धरलं. जुन्या उमेदवारीच्या पद्धतीत कारागिरांच्या संघटनेचा शब्द चालत असे : किती उमेदवार घ्यायचे, काय शिकवायचं. विद्यापीठातून येणारं, संघटनेशी नातं नसलेलं, शिस्तीचं, स्वस्त मनुष्यबळ या मालकांना नकोसं वाटण्याचं काहीच कारण नव्हतं. याचा अर्थ स्नायडर मालकांचा हस्तक होता असा मी करत नाही. भागीदारीत दोघांचे हेतू वेगळे असू शकतात, किंबहुना असतातच. पण वर्गात मालकाचा शब्द किती चालायचा, हा प्रश्न पहिल्याच दिवसापासून तिथे होता.

त्यावर सगळ्यांत नेमकं बोट ठेवलं जॉन ड्यूई यांनी. काम आणि शिक्षण यांचं नातं शिकागोच्या आपल्या प्रयोगशाळेत १८९६ पासून जोडणारा हा तत्त्वज्ञ. व्यवसायशिक्षणाला त्याचा विरोध असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण १९१५ च्या सुमारास अमेरिकेत व्यवसायशिक्षणाची स्वतंत्र, उद्योगांच्या कलानं चालणारी यंत्रणा उभारायचं घाटत होतं आणि डेव्हिड स्नेडन तिचा पुरस्कार करत होते, तेव्हा ड्यूई उलट उभे राहिले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : आहे त्या उद्योगव्यवस्थेत मुलाला बसवण्यासाठी शिक्षण असेल तर ते मला नको, ती व्यवस्था समजून घेऊन बदलण्याची ताकद देणारं हवं. काम हे शिकण्याचं माध्यम असावं, की शिकणं हे कामाचं साधन असावं? १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथात हा विचार विस्तारानं आला आहे.

आणि त्याच काळात कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंच्या वर्गात आपला एक विद्यार्थी बसत होता : भीमराव रामजी आंबेडकर, १९१३ ते १९१६. बाबासाहेबांनी ड्यूईंचं ऋण आयुष्यभर मानलं. जन्मानं नेमून दिलेल्या कामाला, म्हणजे जातीला, 'व्यवसायशिक्षण' म्हणून गौरवणाऱ्यांना त्यांनी 'जातिसंस्थेचं उच्चाटन' या भाषणात जे उत्तर दिलं, त्यामागे हा सगळा वाद उभा आहे. आपल्या देशात 'कामातून शिक्षण' हा शब्द उच्चारताना म्हणूनच दहा वेळा विचार करावा लागतो. सुताराच्या मुलाला बापाच्या हाताखाली शिकायला मिळायचं हे खरं. पण त्याला दुसरं काही शिकायला मिळायचं नाही, हेही तितकंच खरं.

सिनसिनाटीहून उत्तरेला शंभर किलोमीटरच्या आसपास यलो स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. तिथे अँटिऑक कॉलेज. १९२० मध्ये ते आर्थर मॉर्गन यांच्या हाती आलं. मॉर्गन स्थापत्य अभियंते. १९१३ च्या महापुरानंतर डेटन शहराच्या पूरनियंत्रणाचं काम त्यांनी केलं होतं. पुढे १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरणाचे ते पहिले अध्यक्ष झाले. मॉर्गन यांनी १९२१ पासून स्नायडरची पद्धत अँटिऑकमध्ये आणली, पण अभियंत्यांसाठी नव्हे. साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास शिकणाऱ्या मुलांनीही काही आठवडे कॉलेजात आणि काही आठवडे नोकरीत काढायचे. वर्तमानपत्रात, दुकानात, इस्पितळात, वसतिगृहात, कुठेही. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलाला कारखान्यात कशाला पाठवायचं, हा प्रश्न मॉर्गन यांना चुकीचा वाटे. अभियंत्याला काम कळावं म्हणून तिथे पाठवतात, तर माणसाला माणसं कळावीत म्हणून का पाठवू नये? मला हा पुढचा टप्पा स्नायडरपेक्षाही धाडसी वाटतो.

पण याच अँटिऑकमधली एक हकिगत तुम्हाला सांगायलाच हवी. १९४५ मध्ये अलाबामातून कोरेटा स्कॉट नावाची कृष्णवर्णीय मुलगी तिथे शिकायला आली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी म्हणून जग त्यांना ओळखू लागलं. तिचा विषय शिक्षणशास्त्र. पदवीसाठी शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव आवश्यक. गावातल्या सार्वजनिक शाळेनं तिला घ्यायला नकार दिला, कारण तिचा रंग. तिनं कॉलेजच्या प्रशासनाकडे दाद मागितली. पुरोगामी म्हणून नाव मिळवलेल्या त्या कॉलेजनं तिच्या बाजूनं उभं राहायचं टाळलं. शेवटी तिनं ते काम कॉलेजच्याच शाळेत पुरं केलं.

ही घटना मला या संपूर्ण इतिहासाच्या मध्यभागी ठेवावीशी वाटते. वर्गात प्रवेश कुणाला मिळेल हे विद्यापीठ ठरवू शकतं, आरक्षण ठेवू शकतं, गुणवत्ता यादी भिंतीवर लावू शकतं. पण पदवीचा एक तुकडा तुम्ही मालकाच्या फाटकाआड ठेवलात की त्या फाटकावरचा पूर्वग्रह तुमच्या पदवीत शिरतो. पुण्या-मुंबईत ओळखीपाळखीवर इंटर्नशिप मिळवणारी मुलं, आणि जव्हार-मोखाड्याहून किंवा गडचिरोलीहून आलेली, ज्यांचं कंपनीत कुणीच नाही अशी मुलं, दोघांनाही सारखेच चार श्रेयांक मिळवायचे आहेत. फाटक मात्र सारखं उघडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात शिक्षणसंस्था आणि नोकरी देणारा यांची भागीदारी विद्यापीठांच्याही आधीची आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुण्याचा 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' १८५४ चा. त्याचा हेतू सरळ होता : धरणं, कालवे, पूल, रेल्वे या सार्वजनिक कामांवर कनिष्ठ अधिकारी पुरवणे. मालकानंच शाळा काढली आणि मालक म्हणजे सरकार. पुढे हेच पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. विश्वेश्वरय्या इथूनच १८८३ मध्ये पहिले आले आणि लगेच मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. ही साखळी घट्ट होती, पण तिच्यात एक खोट होती. संस्था एकाच मालकाकडे तोंड करून उभी होती. खासगी उद्योगाकडे वळलेली पहिली मोठी संस्था म्हणजे १८८७ ची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, व्हीजेटीआय. भोवती मुंबईच्या कापडगिरण्या आणि अभ्यासक्रमात वस्त्रविद्या. ते सगळं प्रकरण स्वतंत्र व्याख्यानाचं आहे, आज त्यात शिरत नाही.

आपल्या मनात इथे 'कमवा आणि शिका' येणार, हे मला ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं. तिथल्या मुलांनी विहिरी खणल्या, शेती केली, इमारतींचे दगड वाहिले आणि शिकली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा वर्ग सकाळी भरवले, नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावं म्हणून. या दोन्ही गोष्टींपुढे मी नतमस्तक आहे. पण भेद केला पाहिजे. 'कमवा आणि शिका' यात काम शिक्षणाचा खर्च भागवतं. स्नायडरच्या पद्धतीत काम हेच शिक्षणाचा विषय होतं. विहीर खणणाऱ्या मुलाचा भूगर्भशास्त्राचा तास त्याच विहिरीच्या काठावर घेतला, तर दोन्ही एक होतील. भाऊरावांच्या मुलांना कष्टांतून स्वाभिमान मिळाला आणि तो लाखमोलाचा होता. पण आजची एखादी संस्था मुलांकडून फायली लावून घेते आणि त्याला 'कार्याधिष्ठित शिक्षण' म्हणते, तेव्हा तिनं कर्मवीरांचं नाव घेऊ नये.

या दोन प्रवाहांचा संगम आपल्या देशात एकदा खरोखर झाला होता. फार थोड्यांच्या ध्यानात आहे म्हणून सविस्तर सांगतो.

१९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण, 'नई तालीम'. तिची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते झाकीर हुसेन. अकरा वर्षांनी, १९४८ मध्ये, स्वतंत्र भारतानं विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन. सदस्यांत मेघनाद साहा, लक्ष्मणस्वामी मुदलियार, ताराचंद अशी मोठी माणसं. त्यांतच वर्ध्याचे झाकीर हुसेन, आणि अँटिऑकचे आर्थर मॉर्गन! चरखा आणि सिनसिनाटीची यंत्रशाळा एका टेबलाशी बसली, आणि अध्यक्षस्थानी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. १९४९ मध्ये अहवाल आला. राइलचा ग्रंथही त्याच वर्षीचा. हा निव्वळ योगायोग, पण मला आवडणारा.

त्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर एक मोठं प्रकरण आहे आणि त्यावर मॉर्गन यांची छाप स्पष्ट आहे. अभ्यास आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड, आसपासची शेती, सहकारी संस्था, छोटे उद्योग हेच शिकण्याचं क्षेत्र. यातून १९५६ मध्ये ग्रामीण उच्च शिक्षणाची राष्ट्रीय परिषद झाली आणि देशात ठिकठिकाणी ग्रामीण संस्था निघाल्या. महाराष्ट्रात एक अमरावतीला, पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी लोकविद्यापीठात. दुसरी कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला, जे. पी. नाईकांनी उभारलेल्या मौनी विद्यापीठात. विचार करा, भुदरगड तालुक्यातलं गारगोटी!

मग काय झालं? या संस्थांची पदविका 'ग्रामीण सेवा' या नावाची. नोकरभरती करणारे विचारू लागले, हे बी.ए. का? बरोबरीची मान्यता मिळवण्यासाठी झगडावं लागलं. मुलांना आणि पालकांना 'ग्रामीण' हा शब्द दुय्यम वाटला, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? शहरातल्या मुलाला तत्त्वज्ञान आणि खेड्यातल्याला गांडूळखत, अशी वाटणी असेल तर ड्यूईंचा इशारा खराच ठरतो. हळूहळू या संस्था नेहमीच्या विद्यापीठांच्या चौकटीत सामावून गेल्या. मॉर्गन यांनी अँटिऑकमध्ये जे केलं त्याच्या हे उलट झालं. तिथे सगळ्यांनी काम करायचं होतं. इथे काम फक्त काहींच्या वाट्याला आलं.

शहरी, औद्योगिक भारताची वाट वेगळी. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा. आधी तो आयटीआयच्या पातळीवरच्या कारागिरांसाठी होता, १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. त्याचं अठरावं कलम या व्याख्यानाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देतं : शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि त्याला कामगार कायदे लागू नाहीत. सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांची तरतूद स्वतंत्र कलमांत आहे, हे न्यायाचं म्हणून सांगतो. पण वेतन नाही, विद्यावेतन; संघटना नाही. कायदा म्हणतो तो शिकतो आहे. तो खरोखर शिकतो आहे की नाही हे रोज जाऊन बघणारं माणूस कुठे आहे? कारण शिकणं थांबलं आणि काम चालूच राहिलं, तर अठराव्या कलमाचा अर्थ एवढाच उरतो की स्वस्तात कामगार मिळाला.

अपवाद आहेत. पिलानीच्या बिर्ला तंत्रविज्ञान संस्थेनं १९७३ मध्ये, सी. आर. मित्रा संचालक असताना, 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केलं. मूळ कल्पना एमआयटीच्या १९१६ च्या रासायनिक अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिस स्कूलची. पिलानीच्या प्रयोगात एक उन्हाळा आणि पुढे एक पूर्ण सत्र विद्यार्थी उद्योगात. आणि इथे मी जरा सावरून बसतो, कारण त्यांनी अध्यापकही उद्योगाच्या ठिकाणी नेऊन ठेवले. गुण संस्थेच्या माणसानं द्यायचे, रोज मुलांबरोबर राहून. स्नायडरचा समन्वयक राजस्थानच्या वाळवंटातून असा परत भेटतो. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये ही पद्धत घेऊनच जन्माला आलं. जर्मनीत श्टुटगार्टला डाइमलर आणि बॉश यांसारख्या कंपन्यांच्या पुढाकारानं सत्तरच्या दशकात सुरू झालेली दुहेरी पद्धत २००९ मध्ये रीतसर विद्यापीठ झाली. तिथे तर आधी कंपनीशी करार, मग प्रवेश! म्हणजे फाटकाची किल्ली पूर्णपणे मालकाच्या हातात. जर्मनीत संघटना बळकट आहेत, उद्योगमंडळं प्रशिक्षणावर लक्ष ठेवतात, म्हणून ते चालतं. आपल्याकडे तसंच्या तसं आणलं तर कोरेटा स्कॉटची गोष्ट दर वर्षी हजारोंच्या संख्येनं घडेल, असं मला वाटतं. यावर मतभेद असू शकतात. कुणाचे असतील तर ऐकायला आवडेल.

मग आपण काय करायचं? मला धोरण ठरवायला कुणी बोलावलेलं नाही आणि बोलावलं तरी मी जाणार नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण एक हिशेब मात्र तुम्ही आपापल्या कॉलेजात करून बघा. तुमच्या विभागातली साठ मुलं बाहेर कामाला गेली. त्यांना भेटायला जाणाऱ्या शिक्षकाच्या कार्यभारात त्यासाठी आठवड्याचे किती तास धरले आहेत? त्याचा एसटीचा खर्च कोण देतं? परत आल्यावर त्या मुलांचा, त्यांच्या कामावर बोलणारा एक तरी तास वेळापत्रकात आहे का? ज्याला जागा मिळाली नाही त्याला जागा शोधून देणं ही कॉलेजची जबाबदारी आहे, की त्याची त्याची? सिनसिनाटीत जोड्यांची युक्ती १९०६ सालची आहे. आपल्या चिंचवड-भोसरीच्या, इचलकरंजीच्या छोट्या वर्कशॉपांना पूर्णवेळ मुलगा परवडत नाही, पण दोघांत एक जागा परवडेल. पंधरा दिवस हा, पंधरा दिवस तो. अंतर कमी, गाव तेच. कुणी करून बघितलं तर मला कळवा.

आणि मालकांनाही एक विचारायला हवं. मुलाला एकाच यंत्रावर चार महिने ठेवणार, की ओतकामापासून विक्रीपर्यंत फिरवणार? हे करारात लिहून घ्यायचं, तोंडी नको. स्नायडरला हे फोरमनशी भांडून मिळवावं लागलं होतं. त्याच्याकडे भांडायला पगारी माणूस होता.

समोरून घड्याळ दाखवलं जातं आहे. गारगोटीबद्दल आणखी बोलायचं होतं, ते प्रश्नोत्तरात येईल अशी आशा आहे. तिसऱ्या रांगेत मघापासून एक हात वर आहे. विचारा.